शंभरावा पाहुणा

विरार स्टेशनच्या पश्चिमेला आगाशीची शेअर रिक्षा मिळते. मागे तीन माणसं बसवायची असा नियम आहे, म्हणूनच चौथं माणूस पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसतं. एकदा म्हणे अशाच एका रिक्षातून अख्खं वऱ्हाड उतरलं होतं, ताशेवाल्यासकट. पण दिवाळी सरल्यानंतरच्या त्या सोमवारी, सकाळी अकराला निघालेल्या रिक्षात मागे मोजून तीनच माणसं होती. एका कडेला पाटी पायांत धरून पेंगणारी कोळीण, दुसऱ्या कडेला एक मुलगी आणि दोघींच्या मध्ये, खांदे आवळून बसलेला एक मुलगा.

मुलगी फोनवर होती.

"अप्पा, अकरा हजार चारशे... हो, एका महिन्यात. अकरा हजार हिट्स. तुम्ही शंभर म्हणाला होतात. आता शब्द पाळा."

मधला मुलगा हसला. आवाज न करता, नाकातल्या नाकात. फोन ठेवून मुलीने मान वळवली.

"तुम्ही हसलात."

"नाही, मी..."

"आरशात दिसलं मला."

मुलाने आरशाकडे पाहिलं. आरशात तिचे डोळे होते, चांगलेच तापलेले. त्याने नजर काढून कोळिणीच्या पाटीत ठेवली. तिथे बोंबील होते, त्यांनी काही मदत केली नाही.

"माफ करा," तो म्हणाला. "पण अकरा हजार हिट्स म्हणजे अकरा हजार माणसं नव्हेत."

"मग काय अकरा हजार बकऱ्या?"

"तुमच्या पहिल्या पानावर फोटो किती आहेत?"

"अडतीस."

"झालं तर. एका माणसाने ते पान एकदा उघडलं की फोटो अडतीस आणि पान स्वतः एक, असे एकोणचाळीस हिट्स. वर एखाददुसरा किरकोळ. चाळीस धरा. तुमच्याकडे पाहुणा आला, चहा प्यायला, तीन बिस्किटं खाल्ली, पाणी मागितलं, पंखा लावायला सांगितला. हिट्स सहा झाले. पाहुणे किती आले?"

बोळिंजचं वळण आलं, रिक्षा कलली, तो तिच्या बाजूला सरकला आणि घाईघाईने परत कोळिणीकडे गेला. कोळीण डोळे न उघडता म्हणाली, "बस की रे नीट एका जागी."

"तुम्ही आहात कोण?" मुलीने विचारलं.

"कौस्तुभ. चंदनसारला राहतो. लोकांच्या वेबसाईटवर कोण आलं, कोण गेलं, ते मोजायची नोकरी आहे. घरूनच करतो. आज सुट्टी म्हणून अर्नाळ्याला मित्राकडे जेवायला चाललोय."

"मग सांगा. खरी किती माणसं आली?"

"असं रिक्षात नाही सांगता येणार. बघावं लागेल."

आगाशी आली. मुलगी उतरली, पैसे दिले आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून म्हणाली, "मग उतरा. बघा. अर्नाळा कुठे पळून जात नाही."

कौस्तुभ उतरला. त्या दिवशी अर्नाळ्याच्या मित्राने दोन पापलेटं एकट्याने खाल्ली.

तर, मुलीचं नाव उन्नती चुरी. तिच्या हट्टामागे काय होतं ते सांगायला हवं. चुरींच्या वाडीत राजेळी केळीचा एक जुना पट्टा होता. राजेळीचं केळं एवढं लांब की पूर्वी आगाशीत म्हणे दोघे भाऊ एकच केळं दोन्ही टोकांनी खायला बसत आणि मधोमध येईपर्यंत वाटण्या होऊन जात. ही केळी पिकली की सोलून उन्हात पसरतात. रोज संध्याकाळी दव पडायच्या आधी गुंडाळून आत घ्यायची, सकाळी पुन्हा पसरायची, असं सात-आठ दिवस. मग ती मधाच्या रंगाची होतात, तीच सुकेळी. काम बाळंतिणीच्या खोलीसारखं, क्षणभर दुर्लक्ष करता येत नाही. गावात एकेकाने राजेळी काढून टाकली. दयाराम चुरींनीही, म्हणजे उन्नतीच्या अप्पांनी, पट्टा उपटून सोनचाफा लावायचं ठरवलं होतं. उन्नतीने सुकेळ्यांची वेबसाईट काढली, तेव्हा ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत शंभर बाहेरच्या माणसांनी ती बघितली, तर राजेळी राहील. नाहीतर चाफा." आणि दयाराम चुरींचा शब्द म्हणजे सिमेंटमध्ये पडलेलं पाऊल. पुसून जात नाही.

त्या दुपारी ओट्यावर बसून कौस्तुभने उन्नतीच्या लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. शेजारी चटयांवर सुकेळी पसरलेली, उन्हात गोड वास सुटलेला, माश्या हाकायला हातात टॉवेल घेतलेली उन्नती.

"एक गंमत आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी सहा चाळीस ते सातच्या मध्ये नऊ फोनवरून पान उघडतं. एकही दिवस खाडा नाही. आणि दहा सेकंदांत बंद."

"कोण असतील?"

तेवढ्यात आई, म्हणजे मनोरमाकाकू, चहा घेऊन आल्या. "सहा चाळीस? तेव्हा मी तुळशीला पाणी घालते. मग देवाला दिवा लावते, आणि मग उन्नतीच्या वेबसाईटला हात लावून नमस्कार करते. सगळ्या जावांना सांगितलंय तसं. पोरीच्या कामाला यश यायला हवं ना."

कौस्तुभने चहाच्या कपामागे तोंड लपवलं. उन्नतीने टॉवेल डोक्यावरून घेतला.

"नऊ फोन, तीस दिवस, दोनशे सत्तर वेळा," तो हळूच म्हणाला. "अकरा हजार चारशेला चाळीसने भागलं की येतात दोनशे पंच्याऐंशी. उरली पंधरा. ती पंधरा पानं बघणारी बाहेरची माणसं... सात."

"सात."

"सात."

"मी आळीभर सांगितलं. अप्पांनी तर फोन ठेवताच पेढे वाटले."

"अप्पांना कळणार नाही," कौस्तुभ म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. कारण तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस सोलताना काळं निघालेल्या केळ्याकडे पाहतं.

संध्याकाळी अप्पा वाडीतून आले. हातपाय धुऊन ओट्यावर टेकले नाहीत तोच उन्नती समोर जाऊन उभी राहिली. "अप्पा, अकरा हजार नाही. सातच माणसं आलीत. मला मोजता येत नव्हतं."

अप्पांनी बराच वेळ टॉवेलने कान पुसले. मग म्हणाले, "पेढे परत मागता येणार नाहीत. पण संक्रांत अजून लांब आहे. सातावरून मोज. आणि आपली आळी धरायची नाही. जो आपल्या घरात जेवतो तो घरचा, बाकी बाहेरचे." कौस्तुभकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"मोजणारे," उन्नती म्हणाली.

कौस्तुभला त्या क्षणी ती मुलगी आवडली. तशी रिक्षातच आवडली होती. पण रिक्षातलं मोजत नाहीत, तिथे धक्के फार.

मग तो दर रविवारी येऊ लागला. काम असं होतं की शिकवायला येणं भागच होतं... निदान त्याचं म्हणणं तसं होतं. तो एकेक शब्द समजावायचा आणि ती तो शब्द घेऊन त्याच्यावरच उलटवायची.

"बाउन्स म्हणजे, माणूस आला, पहिलं पान बघितलं, आत कुठेच न जाता निघून गेला."

"फाटकावरून वाकून बघणारा."

"बरोबर. तुमच्याकडे शंभरातले नव्वद तसे. अडतीस फोटो उघडेपर्यंत माणसाची केळी पिकतात. चार ठेवा."

"आणि तुम्ही? तुम्ही पहिल्या दिवशी फाटकावरून परत का नाही गेलात?"

"मला... चहा दिला होता."

"चहा सगळ्यांनाच देतो."

तिने चार फोटो ठेवले. बाकी जागी स्वतः लिहिलं. राजेळी कशी ओळखायची, कुठल्या दिवशी सोलायची, ढग आले की घर कसं धावतं, सुकेळीचा पहिला घास चावायचा नसतो तर चघळायचा असतो. लिहून झालं की त्याला वाचून दाखवायची. तो सुधारणा सुचवायचा नाही, नुसता ऐकायचा. तिचा आवाज वाचताना खाली उतरायचा, पायरी पायरीने, विहिरीत उतरावं तसा.

डिसेंबरात नंदाखालची लिडिया, जी लग्न होऊन कॅनडात गेली होती आणि शाळेत उन्नतीच्या बाकावर बसायची, तिने ते पान वाचलं आणि तिथल्या वसईकरांच्या गटात टाकलं. दोन दिवसांत एकतीस माणसं आली.

"याला रेफरल म्हणतात," कौस्तुभ म्हणाला. "कोणाच्या सांगण्यावरून आलेला."

"आणि कोणी न सांगता आपणहून येतो तो?"

"डायरेक्ट."

"हं," उन्नती म्हणाली आणि सुकेळी उलटत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तू काय आहेस?"

तू. सहा रविवारांनंतरचा पहिला तू. कौस्तुभच्या हातातून चटईची कड सुटली, तीन सुकेळी मातीत गेली.

"मी... कोळिणीच्या बाजूने आलो," तो म्हणाला, आणि ती एवढी हसली की आतून मनोरमाकाकूंनी विचारलं, "काय झालं गं?"

त्याच रविवारी त्याने 'सेशन' शिकवलं. एक भेट म्हणजे एक सेशन. पाहुणा अर्धा तास काहीच न करता नुसता बसून राहिला, तर यंत्र समजतं, गेला. मग तो पुन्हा हलला की ती नवी भेट धरतात.

"म्हणजे न उठता दोनदा भेटता येतं?"

"यंत्राच्या हिशेबाने, हो."

"करून बघू या."

दोघं ओट्याच्या कडेला बसली. पोफळींमधून ऊन तिरपं येत होतं. चटयांवरची केळी कडेने मधासारखी झाली होती. पाच मिनिटं गेली. एक भारद्वाज फाटकापर्यंत चालत आला, दोघांना बघून थबकला आणि आल्या पावली परत गेला. दहा मिनिटं. तिच्या मनगटाला केळीचा वास होता. पंधरा. तिचा अंगठा त्याच्या करंगळीपासून चार बोटांवर होता, मग तीन. त्याने मोजलं, मोजणं हा त्याचा धंदाच होता. विसाव्या मिनिटाला दोन बोटं. पंचविसाव्याला त्याने श्वास धरला, आणि तो एवढा वेळ धरला म्हणतात की अर्नाळ्याची भरती थोडी थांबली.

तिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "आलास? बस. चहा घेणार?"

"घेईन."

"ही दुसरी भेट."

"हो."

त्या दिवशी दोघांनी तीन भेटी केल्या. दव पडायला लागलं तेव्हा सुकेळी आत घ्यायची राहिली होती. अप्पांनी एकट्याने सगळी गुंडाळली.

एवढं होऊनही सांगायचं ते कोणीच सांगितलं नाही. कौस्तुभला वाटायचं, संक्रांतीचा आकडा लागू दे, मग बोलू. आपण मोजणारे, मोजणाऱ्याने बाजू घेऊ नये. उन्नतीला वाटायचं, हा फक्त कामाला येतो. काम संपलं की फाटकावरून जाईल.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आकडा ब्याऐंशीवर गेला. संक्रांतीच्या आदल्या रविवारी चौऱ्याण्णव. त्या आठवड्यात उन्नती त्याला फोनवर म्हणाली, "तुझ्या कंपनीत हजार कॉम्प्युटर असतील ना. सहाच हवेत."

"तू खरंच सांगतेयस?"

पलीकडे चटई झटकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नाही. पण तू नाही म्हणतोस का ते ऐकायचं होतं."

"नाही."

"बरं."

संक्रांतीला दुपारी सगळे ओट्यावर जमले. मनोरमाकाकूंनी तिळगुळाची ताटली फिरवली. सणाला चांदीपहून द्वारका आत्या आली होती. चांदीपच्या भातशेतकऱ्यांच्या घरात तिला देऊन चाळीस वर्षं झाली होती आणि तिच्या बोलण्यातल्या 'ण'चा तिथे 'न' झाला होता. कौस्तुभने लॅपटॉप उघडला, तर अप्पा म्हणाले, "तू नको. ती वाचेल. शिकवलंयस ना तिला?"

कौस्तुभचा चेहरा उतरला. त्याने लॅपटॉप हळूहळू सरकवला, जसा एखादा मुलगा प्रगतिपुस्तक सरकवतो.

उन्नतीने घरचे नऊ फोन आधी वगळले. मग वाचायला लागली. "एकूण बाहेरची माणसं... शंभर."

काकूंनी हात जोडले. आत्या म्हणाली, "झालं ना मग?"

"वाच पुढे," अप्पा म्हणाले. "कुठली कुठली आहेत?"

"कॅनडा सदतीस. मुंबई एकवीस. पुणे चौदा. नाशिक, गोवा, दुबई, आणखी दहा-बारा गावं मिळून... सत्तावीस. आणि विरार..." ती थांबली.

"विरार किती?"

"एक. पण भेटी... बावन्न."

"एका मानसाच्या बावन्न?" आत्या पुढे सरकली. "कोन आहे हा?"

"सरासरी एकोणीस मिनिटं बसतो," उन्नती वाचत होती, पण आवाज पायरी पायरीने खाली चालला होता. "रोज रात्रीचं जेवण झाल्यावर. सुकेळ्यांचं पान दोनदा बघितलं. बाकी पन्नास वेळा... आमच्याविषयी."

'आमच्याविषयी' या पानावर दोन ओळी होत्या आणि एक फोटो. फोटोत उन्नती होती, खांद्यावर केळीचा घड, ऊन डोळ्यांवर आलं म्हणून एक डोळा बारीक केलेला.

"फार अभ्यासू गिऱ्हाईक दिसतंय," अप्पा म्हणाले. "दोन ओळी वाचायला एकोणीस मिनिटं."

कौस्तुभच्या हातात तिळाचा लाडू होता. तो त्याने एवढा घट्ट धरला होता की लाडवाचे पुन्हा तीळ आणि गूळ व्हायची वेळ आली.

"तो मी आहे," तो म्हणाला.

काकूंनी ताटली खाली ठेवली.

"कामासाठी उघडत असशील," अप्पांनी वाट करून दिली.

ती वाट धरून तो सुखाने बाहेर पडू शकला असता. त्याने उन्नतीकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"काम पहिल्या दोन भेटींत संपलं होतं, काका. उरलेल्या पन्नास भेटी... माझ्या होत्या. मी काढून टाकू शकलो असतो ती ओळ. पण मग आकडा खोटा झाला असता."

"हं." अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग आता प्रश्न असा की हा बाहेरचा धरायचा की घरचा? गेले दोन महिने रविवारचा इथेच जेवतो. पण बाहेरचा धरला तर शंभर होतात, राजेळी राहते. घरचा धरला तर नव्व्याण्णव. उन्नती, वेबसाईट तुझी आहे. तू सांग."

"अहो, धरा की बाहेरचा," काकू म्हणाल्या. "एका माणसाने काय होतंय?"

उन्नतीने वाडीकडे पाहिलं. राजेळीची पानं वाऱ्याने फाटून झालरीसारखी हलत होती. दोन महिने तिने एकेक माणूस जोडून हा आकडा उभा केला होता. कौस्तुभ म्हणाला, "माझ्यासाठी नको, उन्नती. बाहेरचा म्हण. मला चालेल."

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

तिने बोट पुढे नेलं, विरारच्या ओळीवर ठेवलं आणि घरच्या नऊ फोनांच्या यादीत एक वाढवला. आकडा बदलला.

"घरचा," ती म्हणाली. "नव्व्याण्णव."

आत्याने पदर तोंडाला लावला. कौस्तुभच्या डोळ्यांत थोडं पाणी आलं असावं, कारण तो म्हणाला, "तीळ गेला वाटतं," आणि तीळ डोळ्यांत कसा जाईल हे कोणी विचारलं नाही.

"शब्द तो शब्द," अप्पा म्हणाले. "राजेळी निघणार."

"निघू दे," उन्नती म्हणाली. आवाज कापरा होता, पण खाली नाही उतरला.

"आणि रुखवतात काय ठेवायचं?" मनोरमाकाकू म्हणाल्या. आजवर नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली ती बाई आजही चढवून बोलली नाही. "या घरातली एक तरी पोर सुकेळ्यांच्या ताटाशिवाय गेली आहे का? द्वारकाताईंच्या वेळी मामंजींनी पाच ताटं दिली होती. आपण काय द्यायचं, चाफ्याचा गजरा?"

"पाच नाही, सात होती," आत्या म्हणाली. "अजून चांदीपला काढतात ती गोष्ट. बाजारातली सुकेळी ठेवलीस ना दयाराम, तर मी लग्नाला येनार नाही."

अप्पा दोघींकडे बघत राहिले. दयाराम चुरींनी आयुष्यात शब्द मोडला नव्हता, आणि बायको व बहीण एकाच वेळी एका बाजूला आल्याचंही आयुष्यात बघितलं नव्हतं.

"राजेळी निघणार असं मी म्हणालो," ते शेवटी म्हणाले. "कधी ते म्हणालो नव्हतो. लग्न होऊन जाऊ दे."

"लग्न कधी?" काकूंनी विचारलं.

"ते मला काय विचारता? ह्यांच्या तीस तीस मिनिटांच्या भेटी बघितल्या मी. ह्या वेगाने धरलं तर वाडीला दहा वर्षं धोका नाही." ते उठले, खुंटीवरचा कोयता काढला आणि कौस्तुभपुढे धरला. "घरचा ना? मग चल. दोन घड उतरवायचे आहेत."

कौस्तुभ पांढऱ्या सदऱ्यात होता, संक्रांतीचा म्हणून आईने इस्त्री करून दिलेला. उन्नती म्हणाली, "सदरा बदल. अप्पांचा जुना देते." पण तो तोवर वाडीत शिरलाही होता. पहिल्याच घावाला घड त्याच्या खांद्यावर आला आणि चीक छातीवरून खालपर्यंत ओघळला. मागून धावत आलेल्या उन्नतीने ओढणीने पुसायला घेतला. पुसता पुसता हात तिथेच थांबला. अप्पा पुढच्या झाडाकडे गेले, आणि त्या झाडावर घड नव्हताच.

"बावन्न वेळा," ती हळू म्हणाली. "एकदा सांगितलं असतंस तर?"

"आता सांगू?"

"नको. नुसता उभा राहा थोडा वेळ."

संध्याकाळी तो चंदनसारला घरी पोचला. दार आईने उघडलं. संगमेश्वरात केळीच्या परसात वाढलेली बाई, तिने आधी मुलाचा चेहरा बघितला, मग सदऱ्यावरचे तपकिरी पडत चाललेले डाग.

"केळीचा चीक आहे हा," ती म्हणाली. "सात पाण्यांनी धुतला तरी जायचा नाही."

"नाही गेला तरी चालेल, आई."

आईने त्याला आत घेतलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि समोर बसली.

"नाव काय तिचं?"